राखीव पाणी

"अजून दोन वर्षं," हेमांगी म्हणाली.

रेवळवाडीच्या शाळेत सगळी वाडी जमली होती. लोक ओरडतील, खुर्च्या आपटतील, अशी तयारी करूनच ती आली होती. पण कुणी ओरडलं नाही. मागच्या बाकावरची एक बाई उठली, लुगड्याचा पदर झटकला आणि बाहेर निघून गेली. एवढंच.

मग उत्तम कुबल उभा राहिला. हेमांगीचे वडील वासुदेव तारी हे वाडीच्या रापणीचे, किनाऱ्यावर ओढायच्या सामाईक जाळ्याचे, तांडेल म्हणजे प्रमुख, आणि उत्तम त्यांचा उजवा हात. लहानपणी हेमांगीला खांद्यावर बसवून त्याने समुद्र दाखवला होता.

"हेमे, माझ्या खळ्यातसून पाणी दिसता," तो म्हणाला. "सकाळी रावस असे उडतत, की बघीत रवाचा. आणि तू सांगतंस पाण्यात रावस नाय?"

"रावस आसत, काका. आवशी नाय आसत."

"म्हणजे?"

हेमांगी मत्स्य खात्यात होती, आणि रेवळवाडीचं राखीव पाणी तिच्याच ताब्यात होतं. हे समजावणं तिच्या नोकरीचा भाग होता. तरी स्वतःच्या वाडीसमोर बोलणं तिला जड जायचं.

रावस जन्मतो तो नर म्हणून. वाढत वाढत हाताएवढा झाला, की त्याची मादी होते. त्यामुळे मोठे मासे उपसले की पाण्यात फक्त पोरं उरतात आणि आया, म्हणजे आवशी, संपतात. ट्रॉलरवाल्यांनी वर्षानुवर्षं तेच केलं होतं. शेवटी इतकं, की रापण ओढली तर जाळ्यात शेवाळ आणि प्लास्टिक यायचं. तेव्हा सरकारने हे पाणी राखीव केलं आणि त्यात वंशमापक बोया, पाण्यावर तरंगणारी यंत्रं, सोडल्या.

प्रत्येक बोया दिवसभर पाणी पीत असायची. माशाच्या अंगाचा बुळबुळीतपणा, खवले, विष्ठा, सगळ्यांतून त्याच्या पेशी पाण्यात सुटतात. बोया त्या वाचायची, आणि कोणता मासा कोणाचा भाऊ, हे जुळवून पाहायची.

"जत्रेत पोरांची गर्दी दिसली," हेमांगी सांगू लागली, "तर वाटतं गाव भरलेलं आहे. पण एकेका पोराला आईचं नाव विचारलं आणि सगळ्यांनी दोन-चार नावंच घेतली, तर? गर्दी मोठी, पण घरं दोन-चारच. आपल्या पाण्यात सध्या तसं आहे. एवढे रावस दिसतात, ते मोजक्या माद्यांचे आहेत. त्या माद्या गेल्या की सगळं गेलं."

कायदा साधा होता. माद्यांचा आकडा ठरलेल्या रेषेवर गेला की पाणी उघडायचं, तोवर नाही. आकडा यंत्र काढणार. आमदाराच्या फोनने किंवा ट्रॉलरवाल्यांच्या वजनाने पाणी उघडणार नाही, म्हणून याच कायद्याचं सगळीकडे कौतुक झालं होतं.

"पाच वर्सा सांगललंस," उत्तम म्हणाला. "वासूदादान घराघरात येऊन सांगल्यान, माझा चेडू सांगता तां खरा. सात झाली."

तो खाली बसला. पुढच्या रांगेत वासुदेव मान खाली घालून बसले होते. त्यांना खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबली नाही.

घरी जाताना ते हळूहळू चालत होते, दर विजेच्या खांबापाशी थांबत.

"खरा सांगलंस?" त्यांनी विचारलं.

"होय, बाबा."

"मगे झाला."

ते पुढच्या खांबाकडे निघाले. पण हेमांगीला कळत होतं, की त्या सभेत लोकांनी तिला नाही, तिच्या वडिलांना खोटं पाडलं होतं. बंदी आली तेव्हा वाडी विरोधात होती. रापण म्हणजे एकट्याचं जाळं नव्हे. प्रत्येक घराचा त्यात तुकडा असतो, होडीने ते समुद्रात अर्धगोल सोडतात, आणि दोन्ही टोकांचे दोर धरून बायामाणसांसकट सगळी वाडी ते किनाऱ्यावर ओढते. ती थांबवायची म्हणजे वाडीचं एकत्र असणंच थांबवायचं. ते वासुदेवांनी एकेका उंबऱ्यावर बसून लोकांच्या गळी उतरवलं होतं. त्यानंतर तरणी माणसं गोव्याला, मुंबईला गेली. हेमांगीचा भाऊ रोशन रत्नागिरीकडच्या एका कारखान्यात लागला. तिथे टाक्यांमध्ये पेशींपासून मासळीचं मांस वाढवायचे. काटा नाही, खवला नाही, डोळा नाही. रोशन घरी आला की म्हणायचा, "आमच्याकडचो मासो कधी समुद्र बघूक नाय."

पावसाळ्यात जिल्ह्याच्या इस्पितळात वासुदेवांच्या फुप्फुसांचं निदान झालं. डॉक्टरांनी हेमांगीला बाजूला घेऊन सांगितलं, की दिवाळी बघतील, शिमगा कठीण आहे. तिने ते आईला सांगितलं. वडिलांना सांगावं लागलं नाही.

त्यांनी काहीच मागितलं नाही. फक्त रोज दुपारी ते रापणीच्या खोपीत जाऊन बसायचे, आणि सात वर्षं वाळत पडलेल्या जाळ्याचे फाटके डोळे विणायचे.

एके दिवशी आई हेमांगीच्या खोलीत आली. द्वारका तारी बोलायला फार कमी. दाराला टेकून उभी राहिली.

"ते काय मागूचे नाय," ती म्हणाली. "म्हणान मी मागतंय. एक ओढ, हेमा. एकच. तुझ्या कायद्यात खय बसता काय बघ."

कायद्यात बसत होतं. बंदीच्या काळात एकदा चाचणीची ओढ घ्यायची तरतूद होती, यंत्र सांगतं ते डोळ्यांनी पडताळायला. लोकांनी मासळी वाटून घ्यायलाही हरकत नव्हती. फक्त ती वैशाखात घ्यावी, माद्या तेव्हा खोल पाण्यात असतात, अशी सूचना होती. सूचनाच; तारीख ठरवायचा अधिकार स्थानिक अधिकाऱ्याचा, म्हणजे हेमांगीचा.

वैशाखापर्यंत वडील राहणार नव्हते. तिने दसऱ्यानंतरची तारीख धरली.

तिने निष्काळजीपणा केला असं कुणी म्हणू शकलं नसतं. आधीचे काही दिवस ती बोयेचे आकडे सारखी बघत होती. माद्यांचा माग किनाऱ्याजवळ फारच फिका होता. पण बोया सांगते ती कोण येऊन गेलं, ते. कोण येणार आहे हे तिला कळत नाही. हे हेमांगीला माहीत होतं. त्या दिवसांत तिने त्याचा विचार करायचं टाळलं.

चाचणीच्या ओढीची बातमी गेली आणि वाडी भरली. गोव्याहून, मुंबईहून माणसं आली. रोशनला रजा मिळाली नाही, तरी आला. बायकांनी जुन्या टोपल्या धुऊन उन्हात ठेवल्या. सकाळी होडी जाळं सोडून परतली, आणि वासुदेव किनाऱ्यावर उभे राहिले. कमरेला पंचा, हातात काही नाही. दोर ओढायची ताकद त्यांच्यात नव्हती, पण आवाज होता.

"ओढा रे!"

दोन्ही बाजूंचे दोर ताणले गेले. ज्या पोरांनी कधी रापण पाहिली नव्हती तीही म्हाताऱ्यांच्या मागे लागून मागे मागे सरकत होती. कुणीतरी जुनी आरोळी दिली आणि शंभर तोंडांनी ती उचलली. हेमांगीही दोराला होती. तिच्या पुढे रोशन होता, त्याच्या पाठीवर घाम चमकत होता, आणि तो हसत होता. तिने त्याला असं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने वडिलांकडे पाहिलं. ते आजारी माणसासारखे दिसत नव्हते.

जाळं जवळ आलं तसं जड झालं. मग पाणी उसळलं.

आधी चंदेरी पाठी दिसल्या, मग शेपट्या, आणि लोकांनी ओरडायला सुरुवात केली. हेमांगीने दोर सोडला आणि कमरेएवढ्या पाण्यात धावली. तिच्या पायांवर, मांड्यांवर मासे धडकत होते. एक तिने दोन्ही हातांनी धरला. तो हाताहून लांब होता, आणि पोट टच्च भरलेलं होतं. तिने तो सोडला, दुसरा धरला. तोही तसाच.

ती पाण्यातून वडिलांकडे गेली. ते गुडघाभर पाण्यात येऊन उभे होते.

"बाबा, ह्यो आवशी."

"सगळ्यो?"

"मोठ्यो दिसतत त्यो सगळ्यो. त्यो खोल पाण्यात होत्यो. अंडी घालूक आत इल्यो. माझी तारीख चुकली."

वासुदेव उसळत्या पाण्याकडे बघत राहिले. "सोडल्यो तर जगतल्यो?"

"बऱ्याचश्यो जगतल्यो."

"आणि धरल्यो तर? तुझो कायदो काय सांगता?"

"कायद्यात परवानगी आसा. ओढ पुरी करूक कोण अडवूचा नाय."

"मी कायदो नाय इचारूक. तुका इचारतंय."

हेमांगीला रडू आवरेना. "धरल्यो तर पयल्यापासून सुरवात, बाबा. परत सात वर्सा. कदाचित जास्ती. कदाचित कधीच नाय."

अधिकारी म्हणून हुकूम देणं तिचं काम होतं. तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. वासुदेवांनी वळून किनाऱ्याकडे पाहिलं. टोपल्या घेतलेल्या बायका, नाचणारी पोरं, दोराला लटकलेली सगळी वाडी. त्यांनी हात वर केला.

"दोर सोडा!"

आरोळ्या थांबल्या.

"वयलो दोर पाण्यात दाबा. जाळा खाली घाला."

"वासूदादा," उत्तम पलीकडच्या टोकावरून ओरडला, "काय बोलतंस तां कळता मा तुका?"

"कळता. दाबा."

रेवळवाडीत तांडेलाचा शब्द दोर हातात असताना कुणी मोडत नाही. वाऱ्यात, लाटेत एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरं केलं तर माणसं मरतात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलेलं. उत्तमने हातातला दोर सोडला. पाण्यात गेला आणि दोन्ही पायांनी वरचा दोर खाली दाबला. मग दुसरा गेला, तिसरा गेला. रोशन शेवटपर्यंत दोर धरून उभा होता. मग त्यानेही सोडला.

रावस त्यांच्या गुडघ्यांमधून, मांड्यांमधून निघून गेले. एक-दोन कुणाच्या छातीवर आपटले. थोड्या वेळात पाणी शांत झालं. जाळ्यात थोडे लहान मासे राहिले होते, तेही कुणी उचलले नाहीत. बायकांनी रिकाम्या टोपल्या कमरेवर घेतल्या आणि घराची वाट धरली. कुणी भांडलं नाही. सगळ्यांनी तांडेलाचं ऐकलं होतं, आणि त्यानंतर त्यांना तांडेल म्हणून कुणी हाक मारली नाही.

हेमांगी किनाऱ्यावर पसरलेलं जाळं पुसून नमुने घेत राहिली. माशांचा बुळबुळीतपणा त्याच्या धाग्यांना लागला होता. काम म्हणून नव्हे. घरी जायची हिंमत होत नव्हती म्हणून.

रोशन तिच्याजवळ येऊन उभा राहिला. त्याची बॅग खांद्यावर होती.

"तू येकटी आडवी इली असतंस, तर लोक तुका शिव्या घालून गप रवले असते," तो म्हणाला. "बाबांका कित्याक पुढे केलंस?"

तिने पुढचा धागा पुसायला घेतला. तो संध्याकाळच्या गाडीने गेला.

तुळशीच्या लग्नाला वाडीची रीत अशी, की सगळे मिळून एका घरापासून सुरुवात करतात, आणि मंगलाष्टकं म्हणत घर घर करत शेवटच्या घरापर्यंत जातात. त्या वर्षी द्वारकाने वृंदावन सारवलं, ऊस उभा केला, चिंचा-आवळे ठेवले, चुरमुऱ्यांचं ताट भरलं. वासुदेव अंगावर शाल घेऊन खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, खुर्चीवर बसले. शेजारच्या कुबलांच्या खळ्यात आवाज आला, अक्षता पडल्या, फटाके वाजले. मग माणसं रस्त्यावर आली. आणि तारींच्या कवाडावरून पुढे गेली.

"येतीत," वासुदेव म्हणाले. "परतताना येतीत."

आवाज लांब लांब गेला. शेवटच्या घरचे फटाकेही वाजून संपले. द्वारका ताट हातात घेऊन उभीच होती.

"चला, आपणच लावया," वासुदेव म्हणाले. ते उठले, वृंदावनाला हात टेकला आणि मंगलाष्टक म्हणायला लागले. एक कडवं झालं की खोकला यायचा, तो थांबला की पुढचं. हेमांगी आणि द्वारका अक्षता टाकत होत्या. वासुदेवांनी एकही कडवं गाळलं नाही.

पौषात ते गेले. सकाळी चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेले होते. रोशन आला. आईच्या माहेरचे दोन मामेभाऊ दुसऱ्या गावातून आले. वाडीतलं कुणी आलं नाही. चौथ्या खांद्याची वाट बघून शेवटी हेमांगी पुढे झाली. भटजी काही बोलणार होता, तिच्याकडे बघून गप्प राहिला. वाटेत प्रत्येक घराच्या पडवीत माणसं उभी होती. उत्तमही उभा होता, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. तो पायरी उतरला नाही.

पुढची दोन वर्षं हेमांगी तिथेच राहिली. बदली मागता आली असती. आई घर सोडायला तयार नव्हती.

दुसऱ्या वर्षी पाण्यात रावसाची बारकी पिल्लं इतकी झाली, की बोयेला वाचायला वेळ पुरेना. हेमांगीने त्यांचे वंश जुळवायला घेतले. तेव्हा तिला जाळ्यावरून पुसलेले ते नमुने आठवले. तिने ते यंत्रात घातले आणि पिल्लांशी ताडून पाहिले. पडद्यावर रेषा एकेक करून जुळत गेल्या. कचेरीत ती एकटीच होती. ती उठून खिडकीशी गेली, परत आली, आणि पुन्हा पहिल्यापासून तपासलं. चूक नव्हती.

घरी आल्यावर तिने आईला सांगितलं. "आये, पाण्यात आता जी पिल्ला आसत, तेतली निम्मी बाबांनी सोडलेल्या आवशींची."

द्वारका भाकऱ्या थापत होती. थापत राहिली. हातातली भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "ह्या तेंका सांगूक होया होता."

हेमांगीने शाळेत सभा घेऊन वाडीलाही सांगितलं. स्वतःच्या चुकीची कबुलीही दिली: तारीख आपण चुकीची धरली होती, वडिलांसाठी धरली होती, आणि ती चूक त्यांनी निस्तरली. लोकांनी ऐकून घेतलं. सभा संपल्यावर माणसं एकेक करून बाहेर पडली. एक म्हातारी तेवढी हेमांगीच्या हातावर हात ठेवून गेली.

आकडा रेषेवर गेला, आणि पाणी उघडल्याचा कागद आला. तो हेमांगीनेच फळ्यावर लावला. कायद्याप्रमाणे लहान मासे घ्यायचे, हाताहून मोठे दिसले की परत सोडायचे. पहिल्या ओढीला उत्तम तांडेल होता. हेमांगी मापाची पट्टी घेऊन एका बाजूला उभी होती, कामापुरती. ओढ चांगली झाली. मोठा मासा सापडला, की लोक तिने सांगायच्या आधीच तो उचलून पाण्यात नेऊन सोडत होते. ओरडणं, गाणी फारशी नव्हती. रोशन आला नव्हता.

दुपारी उत्तम तारींच्या कवाडात आला. हातात केळीच्या पानात गुंडाळलेला रावस होता.

"वैनी, वाटो," तो म्हणाला. "तुमच्या जाळ्याचो. आणि वासूदादाचो."

द्वारकाने त्याच्याकडे पाहिलं. त्या चाचणीच्या ओढीपासून तो या खळ्यात आला नव्हता.

"भितर ये," ती म्हणाली.

"नको. पाय वाळूचे आसत."

"ये म्हणतंय."

तो आत येऊन जमिनीवर बसला. द्वारकाने मासा घेतला, विळीवर खवले काढले, तुकडे केले. खोबरं वाटलं, तिरफळं घातली, कढ आणला. वाटण वाटताना पाट्याचा आवाज तेवढा येत होता. उत्तमने दोनदा उठायचा प्रयत्न केला, आणि दोनदा परत बसला.

तिने एकच पान मांडलं. भात वाढला, वर रावसाची कढी, बाजूला तुकडी.

"तुमका?" उत्तमने विचारलं.

"तू जेव."

"हेमा?" त्याने दाराशी उभ्या हेमांगीकडे पाहिलं.

"तू जेव, उत्तम."

त्याने भात कालवला. पहिला घास तोंडात घातला आणि तो तसाच थांबला. त्याचा चेहरा वाकडा झाला, आणि डोळ्यांतून पाणी त्याच्या पानात पडू लागलं. अन्नावर बसलेला माणूस उठू शकत नाही. तो खात राहिला. द्वारका समोर पाटावर बसून बघत होती. ती रागावलेली दिसत नव्हती. नवऱ्याला जेवायला वाढून ती अशीच समोर बसायची.

तुकडी संपली. काटा त्याने पानाच्या कडेला ठेवला.

"चार खांदे गावले नाय तेंका," द्वारका हळूच म्हणाली. "चेडवान खांदो दिल्यान."

उत्तमने मान वर केली नाही. "होय, वैनी."

"आणखी वाडू?"

तो नको म्हणू शकला नाही. तिने दुसरी तुकडी वाढली, आणि तो ती संपवेपर्यंत तिथेच बसून राहिली.